वरच्या मामींचा साठा

भोपाळच्या पिपलानीत पावसाळा कधी संपला आणि थंडी कधी लागली, हे आम्हाला आकाशाकडे बघून कधीच कळलं नाही. ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामींकडे बघून कळायचं. दसरा झाला की दोन-तीन दिवसांनी एका सकाळी मामी जिन्यात येऊन उभ्या राहायच्या, कठड्यावर पडलेल्या उन्हाला तळहात लावून बघायच्या, तवा तापला का बघतात तसा, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "ऊन वाळवणाचं झालं." त्या दिवसापासून आमच्या इमारतीतल्या सहाही घरांतल्या बायकांचं स्वतःचं असं काही उरत नसे. आमचे हात, आमच्या विळ्या, पराती, जुन्या साड्या, खाटा आणि फ्रीज, सगळं मामींचं होऊन जायचं, ते थेट दिवाळीपर्यंत.

त्या नेमक्या कोणाच्या मामी होत्या हे कोणालाच माहीत नव्हतं. मामा कारखान्यात नोकरीला होते तेव्हा त्यांचा कोणी भाचा शिकायला त्यांच्याकडे राहत होता म्हणे. तो शिकून गेला, पण हाक मागे राहिली. मामा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून दोघं आमच्या या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली. येताना सामान थोडं आणि बरण्या फार. काचेच्या, चिनी मातीच्या, प्लास्टिकच्या, औषधाच्या, मधाच्या, कसल्या कसल्या. मला आठवतं, टेम्पोवाला बरण्या उतरवता उतरवता थकला आणि म्हणाला, "अम्मा, दुकान खोल रही हो क्या?" मामींनी त्याला सांगितलं, "दुकान में चीज़ बिकती है भैया, मेरे यहाँ टिकती है." हे त्यांनी असं काही सांगितलं की तो उरलेल्या बरण्या दोन्ही हातांनी धरून, एकेक करून वर घेऊन गेला.

मी तेव्हा लग्न होऊन नवीनच भोपाळला आले होते. माझं गाव यवतमाळकडे, शिक्षण चौथीपर्यंत, आणि स्वभाव असा की कोणी नाव विचारलं तरी मान खाली जायची. हे सकाळी कारखान्यात गेले की मी दाराला आतून कडी लावून बसायची. समोरच्या भाभी हिंदीत बोलायच्या ते समजायचं, पण उत्तर द्यायला तोंड उघडायचं नाही. वरच्या मजल्यावरची शैला मराठीच बोलायची, पण तिची जीभ अशी तिखट की तिच्यापुढे तर मुळीच नाही. मग एके दिवशी दार वाजलं. उघडलं तर मामी. हातात शिंगाड्यांनी भरलेली पाटी. ओले, हिरवे, काट्यांचे शिंगाडे. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पाटी माझ्यापुढे ठेवली, स्वतः पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "बोलायचं नसेल तर नको बोलू. हात तर चालतात ना?"

हात चालत होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी शिंगाडे सोलले. शिंगाड्याचं साल बोटांना असा काळा रंग देतं की तो आठ दिवस जात नाही. मामी एकट्याच बोलत होत्या. भोपाळच्या तळ्यांतला शिंगाडा आणि नागपूरकडचा शिंगाडा यांत काय फरक, कोणत्या तळ्यातला गोड, कोणता भाजून खायचा, कोणता उकडायचा, कोणता वाळवून पीठ करायचं, नवरात्रात विकत मिळतं ते पीठ कसं भेसळीचं असतं, आणि स्वतःच्या छतावर वाळवलेल्या शिंगाड्याचं पीठ चाळणीतून पडताना कसा आवाज येतो. पिठाला आवाज असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जाताना म्हणाल्या, "उद्या आवळे." आणि मी मान हलवली. माझं भोपाळमधलं पहिलं बोलणं ते.

मामींचा असा नियम होता की जी वस्तू घराच्या दारात मिळते ती घ्यायची नाही. पिपलानीत भाजी मिळत नाही असं नाही, हातगाडी रोज येते. पण मामींना हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी बिट्टन मार्केटलाच जायचं असे, सिटी बस बदलून, चार पिशव्या आणि तीन बायका घेऊन. पिशव्या चार का, तर एक भाजीची, एक फळांची, एक वाटेत काही दिसलं तर, आणि एक या तिन्ही पिशव्या भरल्या तर. बाजारात शिरल्यावर त्या पहिली चक्कर नुसती बघत मारायच्या. काही विचारायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, चेहऱ्यावर अशी नाराजी ठेवायची की आख्ख्या बाजारात बघण्यासारखं काहीच नाही. भाजीवाल्या बायका त्यांना ओळखत. एक तर त्यांना लांबून बघितलं की ढिगातली चांगली सीताफळं वर काढून ठेवायची, आणि मामी ती बाजूला सारून खालचीच घ्यायच्या. "वर ठेवलेलं दाखवायला असतं," त्या आम्हाला सांगायच्या. एकदा शैला म्हणाली की मामी, तिला आता हे कळलंय, म्हणून ती चांगली खाली ठेवते. मामी थांबल्या, विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणूनच तर मी खालची घेते." मग शैलानेच वाकून खालची निवडायला घेतली.

डॉक्टरकडे मला त्याच न्यायच्या, कारण मी एकटी गेले तर दुखणं सांगता येत नसे. एकदा माझ्या पोटात दुखत होतं. मामींनी डॉक्टरला दुखणं कधी सुरू झालं, आधी काय खाल्लं होतं, कशाने कमी होतं, कुठल्या कुशीवर झोपलं की वाढतं, हे इतकं मन लावून सांगितलं की डॉक्टरने त्यांचीच नाडी बघितली आणि त्यांच्याच नावावर औषध लिहून दिलं. मामींनी रिक्षात बसल्यावर ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. "घे, दोघींचं पोट एकच समज." ते औषध मी घेतलं आणि बरंही वाटलं.

साठा करायचा म्हणजे जागा लागते, आणि मामींचा फ्रीज एकच होता. पण मामींना ही अडचण कधी वाटली नाही, कारण इमारतीत फ्रीज सहा होते. सीताफळाचा गर आमच्या फ्रीजरमध्ये, कारण आमच्याकडे बर्फ फारसा लागत नाही असं त्यांनी ठरवलं होतं. हिरवे वाटाणे समोरच्या भाभींकडे, कारण त्यांचा फ्रीज मोठा. शैलाकडे आल्याचं वाटण, कारण "तिच्याकडे तिखट टिकतं." कोणाचं काय कुठे आहे हे मामींना तोंडपाठ असे. कधीही येऊन त्या सरळ फ्रीज उघडत, आपली पिशवी घेत आणि जाता जाता आमच्या फ्रीजमध्ये काय नासायला आलंय तेही सांगून जात. एकदा यांच्या कारखान्यातले मोठे साहेब घरी आले. यांनी मला खुणेने सरबतात बर्फ घालायला सांगितलं. मी फ्रीजर उघडला तर वर-खाली, पुढे-मागे, सगळीकडे सीताफळ. साहेबांनी ते सरबत गरमच प्यायलं आणि मग मी घाबरून त्यांच्यापुढे वाटीभर गोठलेला गर ठेवला, तो त्यांनी दोनदा मागून खाल्ला. हे म्हणाले, मामींनी आपली इज्जत घालवली. मामी म्हणाल्या, मामींनी आपली इज्जत राखली. मला दोघांचंही पटलं.

पण दुपारची खरी मजा कंदिलांची. कोजागिरी झाली की छतावर, वाळवण घातलेल्या खाटांच्या मध्ये, आम्ही चौघीजणी आकाशकंदील करायला बसायचो. मामी जुन्या टोपल्या आणि फुटलेली सुपं वर्षभर जमवून ठेवत, त्यांच्या कामट्या काढत. पतंगाचा कागद बाजारातून येई, खळ घरी शिजे. भाभींच्या माहेरी आकाशकंदील नव्हते, त्या नुसत्या बघायला म्हणून आल्या आणि दोन वर्षांत आमच्याहून सुबक करायला लागल्या. मामींचा एक नियम होता, जो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. कोणीही स्वतःच्या घरासाठी कंदील करायचा नाही. चार चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिच्या दारासाठी करायचा. मी एकदा शैलाला हळूच विचारलं होतं की असं का. तिने ते मामींना मोठ्याने विचारलं. मामी म्हणाल्या, "आपल्यासाठी करते तेव्हा बाई म्हणते चालतंय. दुसरीच्या दाराला लागणार म्हटलं की कोपरे नीट चिकटवते."

नियम मामींचा, पण कोपरे सगळ्यांत वाईट मामींचेच. त्यांचा कंदील कधी सरळ लटकला नाही. एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर मोठी निघायची, झिरमिळ्या एकीकडे दाट आणि एकीकडे दोनच. मामींच्या चिठ्ठीत जे घर निघे, त्या घरापुढे दिवाळीभर लोक थांबून बघत. एका वर्षी तर त्यांनी मैदा संपला म्हणून शिंगाड्याच्या पिठाची खळ केली. सुरेख चिकटली. कंदील शैलाकडे लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर दोन खारी त्यावर बसून कागद सोलून सोलून खळ खात होत्या, आणि संध्याकाळपर्यंत नुसता कामट्यांचा सांगाडा राहिला. शैला भडकली. मामी बराच वेळ त्या खारींकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघ, भेसळ नाही म्हणून खातात. विकतच्या पिठाला हात लावून दाखवावा त्यांनी."

मामा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. ते बोलायचे कमी, माझ्यासारखेच. मामी जे वाढतील ते खायचे आणि ताट धुऊन ठेवायचे. ते गेल्यावर आम्हाला वाटलं, आता साठा कमी होईल. झाला नाही. उलट थोडा वाढलाच. पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन यायचा तेव्हा तो म्हणायचा, आई, एकट्या बाईला वीस किलो शिंगाडे कशाला. मामी फोन कानापासून लांब धरून आम्हाला सांगायच्या, "विचारतोय कशाला." मग फोनमध्ये सांगायच्या की एकटी कुठे, खाली कुसुम आहे, तिच्यासमोर भाभी आहेत. कुसुम म्हणजे मी. मुलगा चांगला होता. रोज दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा फोन करायचा. आई पुण्याला आली तर त्याला हवीच होती. मामींना भोपाळ सोडायचं नव्हतं, एवढंच. ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते रोज पुढे ढकलत होती.

मागच्या वर्षी जे झालं ते मी आता लिहिणार आहे. हे लिहायला मी बरेच दिवस घेतले.

कोजागिरीनंतर चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी मामी छतावर जायला निघाल्या. शिंगाडे दोन दिवस वाळत होते, आणि पोपटांनी ते बघून ठेवले होते, म्हणून मामी दिवसभर छतावर काठी घेऊन बसणार होत्या. त्याआधी खाली माझ्या दाराशी आल्या, कापडी पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "यात सीताफळाचे दोन डबे आहेत, फ्रीजरला ठेव. तळाशी माझा फोन राहिलाय, तो काढून वर आणून दे मला." मी हो म्हटलं. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं. मी धावले, जाता जाता पिशवी तशीच्या तशी फ्रीजरमध्ये कोंबली, दूध उतरवलं, ओटा पुसला, आणि फोन माझ्या डोक्यातून साफ गेला. इतकंच घडलं. यात दुसऱ्या कोणाचाही काही हात नाही.

मामींच्या फोनची रिंग म्हणजे देवळातली घंटा. त्या दुपारी मला स्वयंपाकघरात राहून राहून घंटा ऐकू येत होती, लांबून, दबलेली. मला वाटलं मागच्या गल्लीतल्या देवळात काही आहे. मी दोनदा हात जोडले. हे मी कोणाला सांगितलं तर लोक हसतील, मलाही कधी कधी हसू येतं आणि मग लगेच येत नाही.

वर मामींना फोनची आठवण झाली नसेल असं नाही. पण त्यांनी मला सांगितलं होतं, मी आणून देणार होते, आणि मी आणलं नाही म्हणजे माझ्या मागे काही काम असेल, असं त्यांनी धरलं असेल. पोपटांना सोडून खाली येणं त्यांच्याने होईना. तिकडे पुण्यात मुलाने दुपारपासून चाळीसेक वेळा फोन लावला. मग यांच्या फोनवर लावला. कारखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत, तो संध्याकाळी लागला. हे सायकल टाकून धावतच जिना चढले. छतावर मामी खाटेच्या सावलीत काठी मांडीवर घेऊन डुलक्या घेत होत्या, आणि पोपट निवांत शिंगाडे खात होते. यांनी आपल्या फोनवरून मुलाशी बोलणं करून दिलं. मामींचा फोन लावून बघितला तर तोवर बंद झालेला, मग सगळीकडे शोधलं. छतावर, जिन्यात, पिठाच्या डब्यात. मीही शोधत होते. मला तेव्हाही आठवलं नाही, हे मी खरं सांगते. मामींनीही सकाळच्या पिशवीचं नाव काढलं नाही, सगळ्यांपुढे मी ओशाळेन म्हणूनच असेल. शेवटी तो बाजारात पडला असेल असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा विमानाने येऊन हजर. चेहरा उतरलेला. मामींनी त्याला बघितलं आणि लगेच मला हाक मारली, त्याच्यासाठी सीताफळाची बासुंदी करायची आहे, ती पिशवी आण. मी पिशवी वर नेली. त्यांच्या स्वयंपाकघरात मुलगा पाटावर बसला होता. मामींनी पिशवीतून पहिला डबा काढला, दुसरा डबा काढला आणि तळाशी हात घातला. वर आला तो बर्फाची पांढरी साय चढलेला फोन.

मला तिथे, त्या क्षणी, सगळं आठवलं.

मुलाने तो फोन हातात घेतला. ओरडला नाही. फार हळू आवाजात म्हणाला, "आई, फोन फ्रीजरमध्ये?" मामींनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं असेल, पण लगेच खाली बघितलं. फरशीवर सीताफळाची एक बी पडली होती. मी ती बघत राहिले. मला म्हणायचं होतं की भाऊजी, तो मी ठेवला. चार शब्द. ते जुळले, पण बाहेर पडले नाहीत, लग्न होऊन आले तेव्हापासून पडले नाहीत तसेच. परक्या माणसापुढे, त्यातून तो रडवेला झालेला, आणि चूक माझी. मी बी बघत राहिले. मग मामींचा आवाज आला, रोजच्यापेक्षा हलका. "मीच ठेवला असेल. विसरले असेन."

पुढचं मी काय सांगू. तो म्हणाला की उद्या गॅस चालू राहील, परवा दार उघडं राहील, मी तिकडे बसून काय करू. मामी नेहमी एका वाक्याला चार वाक्यं परत देणाऱ्या, त्या दिवशी नुसती बासुंदी ढवळत होत्या. संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही रोज बघता. खरं सांगा, आई हल्ली विसरते का?" मी मान हलवली, नाही म्हणून. जोरजोरात हलवली. पण तोंडातून काही निघेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते बघितलं आणि त्याला वाटलं मी मामींवर पांघरूण घालते आहे. म्हणाला, "राहू द्या वहिनी. कळलं मला." आणि पाठ फिरवून जिना चढून गेला. जिन्याच्या वळणावर थांबून त्याने डोळे पुसले, ते मला दिसलं. तेव्हाही त्याच्या मागे जाता आलं असतं. आठ पायऱ्या होत्या.

आठ दिवसांत घर आवरलं. बरण्या इमारतीत वाटल्या गेल्या. शिंगाडे अर्धे कच्चे होते, ते आम्ही नंतर वाळवले, भाभींनी दळून आणले. त्या वर्षीच्या चिठ्ठ्या आधीच टाकून झाल्या होत्या, मामींच्या चिठ्ठीत मी निघाले होते. जाण्याच्या सकाळी, टॅक्सी खाली उभी असताना, त्यांनी कंदील मला आणून दिला. नेहमीसारखाच वाकडा. मी त्यांच्या पाया पडले. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मामी म्हणाल्या, "कडी लावून बसू नको गं," आणि गाडीत बसल्या. मुलगा पुढे बसला होता, त्याने मला हात जोडले.

पुण्यात मुलाचं घर बाराव्या मजल्यावर आहे. छत कोणाचंच नाही, तिथे जायला परवानगी लागते. भाजी पिशवीत भरून, निवडून, चिरून दाराशी येते. सुरुवातीला मामी फोनवर हसायच्या. म्हणायच्या, मेथीसुद्धा निवडलेली येते, आता मी काय निवडू, सुनेला का. मग हसणं कमी झालं. उन्हाळ्यात त्यांनी मला एका फोनमध्ये दोनदा विचारलं की कैऱ्या आल्या का. पावसाळ्यात एकदा विचारलं, "मामांची दुसरी पाळी आहे का गं आज, अजून आले नाहीत." त्या दिवशी यांना जेवायला वाढलं नाही, विसरूनच गेले.

शेवटी मी मुलाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून कोणा परक्या पुरुषाला फोन केला. आधी वहीच्या कागदावर लिहून काढलं, म्हणजे अडकणार नाही. मग वाचून दाखवावं तसं सांगितलं. भाऊजी, त्या दिवशी फोन फ्रीजरमध्ये मी ठेवला होता. मामींनी मला तो वर आणून द्यायला सांगितलं होतं. मी विसरले. मामी काही विसरल्या नव्हत्या. मग तो म्हणाला, "वहिनी, तेव्हा सांगितलं असतं तर..." आणि पुढचं त्याने सोडून दिलं. मी म्हटलं, हो. तो म्हणाला की डॉक्टर सांगतात, हे केव्हातरी होणारच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो चांगला माणूस आहे, म्हणून तसं म्हणाला. होणारच होतं का, की रोज ऊन बघणाऱ्या बाईला ऊन दिसेनासं झालं म्हणून झालं, हे मला कोण सांगणार. मी चौथी शिकलेली. पण मला जे वाटतं ते वाटतं.

त्याने मला एक काम दिलं. म्हणाला, दुपारी आईला फोन करत जा, तुमच्याशी बोलून ती शांत असते. आता मी रोज चार वाजता फोन करते. हाटाच्या दिवशी बिट्टन मार्केटला जाऊन येते आणि तिथून परत आल्या आल्या सगळं सांगते. सीताफळं मोठी आलीत पण डोळे अजून उघडले नाहीत. आवळे दिसायला लागलेत, पण लहान. शिंगाडा लालसर आहे, शाहपुऱ्याच्या रस्त्यावर एक बाई मोठ्या पातेल्यात उकडून विकते. भाभींनी यंदा कागद निळा आणलाय, शैला म्हणते गुलाबी हवा होता, दोघी सकाळपासून बोलत नाहीत. मामी ऐकतात, मध्येच "खालची घेतलीस ना?" विचारतात. तेच तेच दोन-तीनदा सांगावं लागतं, आणि दरवेळी त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या खूश होतात. मला इतकं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

परवा मी असंच सांगत होते, एका दमात, आवळ्यांबद्दल. मामींनी मला मध्येच थांबवलं. फार नम्रपणे, परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्ही कोण बोलताय?"

मी म्हटलं, मामी, मी कुसुम. खालची कुसुम.

"नाही बाई," मामी म्हणाल्या. "आमची कुसुम एवढं बोलत नाही."

मला पुढे काही सुचेना. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, एक शब्द न बोलता, बराच वेळ. तिकडे बाराव्या मजल्यावर कुठेतरी पंखा फिरत होता, तेवढाच आवाज येत होता. आणि मग मामींचा आवाज आला, जुना, जिन्यातून यायचा तसा.

"हां. आता आलीस. बोल कुसुम, काय म्हणतेस."